घरातली गांजाची कुंडी आणि आपल्या पोरांचा जामीन

गेल्या वर्षभरात आमच्या अभ्यासवर्गातल्या पाच-सहा पोरांनी आम्हाला एकाच जातीचे व्हिडिओ पाठवले. बंद खोलीत काळ्या कापडाचा तंबू, आत जांभळट दिवे, छोटा पंखा फिरतोय, आणि कॅनडातला नाहीतर अमेरिकेतला कोणी म्हातारा गांजाच्या झाडाला पाणी घालत सांगतोय की डॉक्टरांच्या गोळ्यांनी जे झालं नाही ते या झाडाने झालं. व्हिडिओखाली पोरांचा प्रश्न असतो: हे आपल्याकडे का चालत नाही?

या प्रश्नाला आपल्याकडे दोन तयार उत्तरं मिळतात. एक उत्तर विहारातल्या ज्येष्ठांचं. गांजा म्हणजे नशा, नशा म्हणजे शीलभंग, विषय संपला. दुसरं उत्तर इंग्रजी बोलणाऱ्या शहरी मंडळींचं. ही तर ऋषीमुनींची बुटी, इंग्रजांनी आणि अमेरिकेने बदनाम केली, बंदी उठवा, मोकळं करा. आम्हाला ही दोन्ही उत्तरं मान्य नाहीत. पहिल्या उत्तरात दुखणाऱ्या माणसाचा विचार नाही आणि दुसऱ्यात तुरुंगात जाणाऱ्याचा नाही. म्हणून जरा लांबून, पण नीट बोलू.

आधी आपल्या वस्तीतलं सांगतो. उत्तर नागपुरात आम्ही ज्या भागात काम करतो तिथे तोंडाच्या कॅन्सरचे पेशंट शोधायला फार फिरावं लागत नाही. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, आणि खर्रा मात्र प्रत्येक ठेल्यावर पन्नीत घोटून मिळतो. बाया खातात, माणसं खातात, दहावीतली पोरं खातात. अशाच एका घरातला तेवीस-चोवीस वर्षांचा पोरगा आमच्याकडे आला. डिलिव्हरीचं काम करतो, संध्याकाळी बी.ए.चा अभ्यास. आईच्या जबड्याचं ऑपरेशन झालेलं, रेडिएशन झालेलं, आजार परत आलेला. म्हणाला, “ताई, माय रातभर कण्हते. भिंतीले डोकं लावून बसून राहते. मी एक कुंडी लावतो ना घरातच. माळ्यावर. कोणाले दिसणार आहे?” बी कुठून आणायचं, दिवा कितीचा लागतो, सगळं त्याने मोबाईलवर पाहून ठेवलं होतं.

आम्ही त्याला नाही म्हटलं. तो चिडला, आणि त्याचं चिडणं रास्त होतं. नाही का म्हटलं ते इथे लिहितो, कारण हा प्रश्न त्याच्या एकट्याचा नाही.

आपल्याकडे १९८५ चा एनडीपीएस कायदा आहे. त्याच्या कलम ८ ने गांजाचं झाड लावायला मनाई केली आहे. कलम २० च्या पहिल्या भागात त्याची शिक्षा आहे: दहा वर्षांपर्यंत सश्रम कारावास आणि एक लाखापर्यंत दंड. वजनाच्या पायऱ्या पुढच्या भागात येतात. म्हणजे एक किलोपर्यंत गांजा जवळ सापडला तर ती ‘अल्प मात्रा’ आणि शिक्षा एक वर्षापर्यंत, पण झाड लावलं तर लागवडीचं कलम, तिथे ‘एकच कुंडी होती हो साहेब’ याला वेगळी पायरी नाही. पोरांना वाटतं की विकत घेण्यापेक्षा घरी लावणं सुरक्षित. कायद्याच्या हिशेबात ते उलट आहे.

पुढे कलम २५. आपल्या ताब्यातल्या घरात, खोलीत असा गुन्हा जाणूनबुजून होऊ दिला तर घराच्या मालकाला किंवा तिथे राहणाऱ्याला तीच शिक्षा. आता त्या पोराचं घर कोणाच्या नावावर? आईच्या. म्हणजे जिच्या दुखण्यासाठी झाड लावायचं तीच दुसरी आरोपी. आणि कलम ५४ असं की झाड तुम्ही लावलेल्या जागेत सापडलं तर गुन्हा केला असं गृहीत धरून पुढे जायचं, आणि ते खोटं ठरवायची जबाबदारी तुमची. नेहमीच्या फौजदारी खटल्यात आरोप सिद्ध करण्याचं ओझं सरकारवर असतं, इथे ते बऱ्याच अंशी आरोपीच्या डोक्यावर आहे.

झाडाच्या वजनाचीही एक भानगड आहे. कायद्याच्या व्याख्येत गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे. शेंडे सोबत नसतील तर पानं आणि बी त्यात धरत नाहीत. पण छाप्यात झाड मुळासकट उपटलं जातं आणि पंचनाम्यात देठ, पानं, ओल सगळ्याचं मिळून वजन येतं. यावरचे वाद जामिनाच्या वेळी मुंबई उच्च न्यायालयापर्यंत जातात. ज्याच्याकडे हायकोर्टाचा वकील आहे त्याच्यासाठी हा मुद्दा आहे. ज्याच्याकडे नाही त्याच्यासाठी पंचनाम्यातला आकडा हाच खरा आकडा.

पान वगळण्यामागचं कारण माहीत आहे ना? भांग. सणाला, शिवरात्रीला, होळीला पानाची भांग पिण्याची परंपरा, म्हणून केंद्राच्या कायद्याने पान बाजूला ठेवलं. उत्तर प्रदेशात आणि राजस्थानात परवान्याची भांगेची दुकानं चालतात. (महाराष्ट्रात तिच्यावर वेगळं बंधन आहे.) देवाच्या नावाने घेतलेल्या पानाला कायद्याने वाट काढून दिली, आणि कॅन्सरच्या बाईच्या दुखण्याला तशी वाट काढायची कोणाला सुचली नाही. सवलत कोणाच्या परंपरेला मिळते आणि शिक्षा कोणाच्या गरजेला, हे या एका झाडावरून शिकता येतं.

आता कॅनडाकडे येऊ, कारण व्हिडिओ तिथून येतात आणि व्हिडिओत त्यामागची कथा नसते. घरात औषधी गांजा लावण्याचा अधिकार तिथे कोणा दयाळू सरकारने दिलेला नाही. आजारी माणसं कोर्टात गेली तेव्हा तो मिळाला. टोरांटोतला टेरी पार्कर हा अपस्माराचा रुग्ण. ऑपरेशनं झाली, औषधं झाली, झटके थांबेनात. गांजाने झटके कमी होतात हा त्याचा अनुभव, म्हणून तो घरीच झाडं लावायचा. पोलिसांनी त्याला पकडलं. २००० साली ओंटारिओच्या अपील न्यायालयाने निकाल दिला की आजारी माणसाला तब्येत की तुरुंग यातलं एक निवडायला लावणं हे त्यांच्या संविधानाच्या सनदेतल्या कलम ७ चा भंग आहे. जीवित, स्वातंत्र्य आणि शरीराची सुरक्षितता यांचं ते कलम. आपल्या अनुच्छेद २१ चं भावंडच म्हणा. कोर्टाने संसदेला एक वर्ष दिलं. २००१ साली नियम आले आणि रुग्णांना परवाना घेऊन घरी झाडं लावता येऊ लागली.

लढा तिथे संपला नाही. २०१३ साली तिथल्या सरकारने नवे नियम आणले आणि १ एप्रिल २०१४ पासून घरची लागवड बंद करायचं ठरवलं. रुग्णांनी परवानाधारक कंपन्यांकडून टपालाने माल मागवायचा. कारणं काय दिली? आग लागते, भिंतींना बुरशी धरते, चोऱ्या होतात, शेजाऱ्यांना वास येतो. नील अलार्ड आणि आणखी तीन रुग्ण फेडरल कोर्टात गेले. पहिल्यांदा तात्पुरती स्थगिती मिळाली आणि २४ फेब्रुवारी २०१६ ला न्यायमूर्ती फेलन यांनी ते नियम घटनाबाह्य ठरवले. आगीचे आणि बुरशीचे धोके नीट काळजी घेतली तर आटोक्यात ठेवता येतात, त्यासाठी सगळ्यांवर बंदी घालायची गरज सिद्ध झाली नाही, असं त्यांचं म्हणणं. सरकारने अपील केलं नाही, सहा महिन्यांत नवे नियम काढले.

इथे एक बारीक गोष्ट आहे, ती आपल्या वकिली शिकणाऱ्या पोरांनी लक्षात ठेवावी. ‘प्रत्येकाला आपलं औषध स्वतः पिकवायचा मूलभूत हक्क आहे’ असं त्या न्यायाधीशांनी म्हटलेलं नाही. स्वस्त औषधाचा हक्क आहे असंही नाही. मुद्दा एवढाच होता की सरकारने एकच दार ठेवलं आणि त्या दारातून सगळ्या आजारी माणसांना जाता येत नाही. दार अडवणं घटनाबाह्य ठरलं. आपल्याकडच्या रेशनच्या, शिष्यवृत्तीच्या, दाखल्यांच्या लढायांत आपण हाच मुद्दा मांडत आलो आहोत, फक्त कोर्टाच्या भाषेत नाही.

आमचा एक धम्ममित्र ओंटारिओत आजारी आणि वृद्धांच्या घरी जाऊन शुश्रूषेचं काम करतो. इथे एम.एस.डब्ल्यू. केलं, तिथे जाऊन पुन्हा कोर्स करावा लागला. त्याच्याकडे एक म्हातारे गृहस्थ आहेत, मल्टिपल स्क्लेरोसिसचे. पायांचे स्नायू दगडासारखे आखडतात. त्यांच्या परवानगीने मित्राने एकदा व्हिडिओ कॉलवर तळघरातली खोली दाखवली. आम्ही तासभर पाहत होतो, कारण प्रश्न संपेनात.

पहिली गोष्ट कागद. डॉक्टर रोज किती ग्रॅम लागतो ते लिहून देतो, एका वर्षापर्यंतचं. ते हेल्थ कॅनडाकडे नोंदवायचं. ग्रॅमवरून झाडांची संख्या सूत्राने निघते. रोजचा एक ग्रॅम असेल तर घरात पाच झाडं, उघड्यावर लावली तर दोनच, कारण बाहेर झाड मोठं होतं. स्वतः जमत नसेल तर दुसऱ्या माणसाला आपल्यासाठी लावायला नेमता येतं. २०१८ च्या ऑक्टोबरात तिथे सर्वांसाठीच गांजा कायदेशीर झाला आणि केंद्राच्या कायद्याप्रमाणे घरटी चार झाडांची मुभा मिळाली, पण औषधाची नोंदणी वेगळीच राहिली. क्युबेक प्रांताने मौजेची घरगुती लागवड बंद ठेवली आणि २०२३ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी वैध धरली. म्हणजे न्यायालयांनीही आजार आणि मौज यांना एका मापाने मोजलेलं नाही.

दुसरी गोष्ट मेहनत. झाड वाढत असताना दिवसाला अठरा तास उजेड, फुलोरा यायला हवा असेल तेव्हा बारा तास उजेड आणि बारा तास पक्का अंधार. नर झाड वेळेवर ओळखून काढलं नाही तर मादी झाडं बियांत जातात. फुलोऱ्याला दोन-अडीच महिने, मग सुकवणं, मग बरणीत भरून मुरू देणं. हवेत ओल वाढली की फुलाच्या पोटात करडी बुरशी. त्या खोलीतला पंखा, कोळशाची गाळणी, ओल मोजायचं यंत्र पाहताना आमच्या डोळ्यापुढे आमच्या वस्तीतली दहा बाय बाराची पत्र्याची खोली होती, मे महिन्यातली, पाण्याच्या टाकीजवळची, जिथे दोन कूलर लावले की मीटरचा फ्यूज उडतो. त्या गृहस्थांचं विजेचं बिल मित्राने सांगितलं तेव्हा आम्ही विषय बदलला.

तिसरी गोष्ट मित्राने स्वतःहून सांगितली. तिथेही सगळं स्वच्छ नाही. काही डॉक्टर अवाच्या सवा ग्रॅमच्या चिठ्ठ्या देतात आणि ‘औषधा’च्या नावावर शेकडो झाडांची कोठारं उभी राहतात. हेल्थ कॅनडाने स्वतः त्याबद्दल जाहीर चिंता व्यक्त केली आहे. आणि कायदा बदलायच्या आधी कोण पकडलं जात होतं? टोरांटो स्टार या वृत्तपत्राने २०१७ साली पोलिसांची आकडेवारी काढून दाखवलं की थोड्या गांजासाठी, आधीचा कुठलाही गुन्हा नावावर नसताना, काळ्या माणसांना अटक होण्याचं प्रमाण गोऱ्यांच्या तिप्पट होतं. आता त्याच मालाच्या कंपन्या शेअर बाजारात आहेत. पकडले गेले ते वेगळे, कमावणारे वेगळे. हे वाचून ज्याला आपली आठवण होत नाही त्याने मोहाच्या दारूचा इतिहास वाचावा.

इथलं चित्र पाहू. मुंबईतल्या एनडीपीएसच्या खटल्यांचा अभ्यास विधी सेंटर या संस्थेने २०२० साली प्रसिद्ध केला. सेवनासाठी पकडलेल्यांत बहुतेक जण रोजंदारीवरचे, झोपडपट्टीतले, रस्त्यावर राहणारे. गुन्हा कबूल करायचा, दंड भरायचा, सुटायचं, आणि नावावर शिक्षा कायमची घेऊन जायचं. २०११ च्या जनगणनेत अनुसूचित जाती १६.६ टक्के होत्या. एनसीआरबीच्या तुरुंगांच्या अहवालांत आपला वाटा साधारण पाचवा हिस्सा असतो. धुळ्याच्या शिरपूर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याला, तुरी-कपाशीत लावलेला गांजा उपटल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. फोटोत उपटलेली झाडं, मागे उभे पोलीस आणि खाली मान घातलेला आदिवासी शेतकरी. ज्याने बी दिलं आणि जो माल उचलणार होता तो व्यापारी फोटोत कधी दिसत नाही.

आणि याच देशात जम्मूच्या सीएसआयआरच्या संस्थेत औषधी गांजावर संशोधन चालू आहे, परवान्याने लागवड आहे, आणि भागीदार आहे कॅनडाची एक कंपनी. आमचा त्या संशोधनाला विरोध नाही, उलट ते व्हावंच. केमोथेरपीची मळमळ, मल्टिपल स्क्लेरोसिसचं आखडणं, प्रौढांचं जुनाट दुखणं यांत गांजातल्या द्रव्यांचा उपयोग होतो याला बरा पुरावा आहे असं अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमीजने २०१७ मध्ये म्हटलं. मुलांच्या दोन दुर्धर प्रकारच्या अपस्मारांवर कॅनाबिडिऑलचं औषध अमेरिकेत २०१८ साली मंजूर झालं. कॅन्सर बरा होतो असं मात्र कुठेही सिद्ध झालेलं नाही, आणि तसं सांगणारे व्हिडिओ पुढे पाठवणाऱ्यांनी थोडी शरम बाळगावी. केमोने प्रतिकारशक्ती उतरलेल्या माणसाला घरच्या बुरशी धरलेल्या फुलांतून फुप्फुसाचा जीवघेणा संसर्ग होऊ शकतो. तोंडाच्या कॅन्सरच्या बाईला धूर देणं तर कल्पनेतही आणू नये.

गंमत अशी की हे ज्ञान आपल्याच मातीतलं. १८३९ साली कलकत्त्यात ओशॉनेसी नावाच्या डॉक्टरने धनुर्वात, संधिवात आणि लहान मुलांच्या आकड्यांवर इथला गांजा वापरून पाहिला, लिहून काढला, आणि तिथून तो युरोपच्या औषधांत गेला. त्याने हे ज्यांच्याकडून ऐकलं ते फकीर, वैदू, बाजारातले विक्रेते कोण होते त्यांची नावं इतिहासात फारशी नाहीत.

आता शिलाचा प्रश्न. तो आम्ही टाळत नाही, कारण आमच्या घरात तो खरा आहे. आमच्या आजोबांनी दीक्षा घेतल्यावर हातभट्टी सोडली आणि त्यामुळे आमचे वडील शिकले. बावीस प्रतिज्ञांतली दारू न पिण्याची प्रतिज्ञा आम्हाला कागदावरची वाटत नाही. पण पाचव्या शिलात ज्याला अडवलं आहे तो प्रमाद आहे, बेसावधपणा, ज्याने माणूस स्वतःला आणि घराला विसरतो. वेदनेवरचं औषध हा प्रमाद नाही. विनयपिटकाच्या महावग्गात औषधांवर एक पूर्ण प्रकरण आहे. त्यात पिलिंदवच्छ नावाच्या भिक्खूला वाताचा त्रास होतो तेव्हा भगवंतांनी दिलेल्या परवानग्या वाचण्यासारख्या आहेत. तेलात थोडी दारू घालून औषध करायला मुभा आहे, रंग, वास आणि चव लागणार नाही इतकीच. जास्त घातलेलं तेल प्यायला मनाई आहे, पण अंगाला चोळायला चालतं. त्याच ठिकाणी शेकण्यासाठी ‘भङ्गोदक’ सांगितलं आहे. काही अनुवादक त्याचा अर्थ भांगेचं पाणी असा करतात. अट्ठकथेत मात्र तो निरनिराळ्या पानांचं उकळलेलं पाणी असा येतो. पाली शिकणाऱ्यांनी यावर वाद घालावा. आम्हाला त्यातली पद्धत महत्त्वाची वाटते: आधी आजार पाहिला, मग मात्रा ठरवली, मग मर्यादा घातली. त्याच ग्रंथात हगवणीने लडबडलेल्या भिक्खूला भगवान स्वतः धुतात आणि आजाऱ्याची सेवा ही आपलीच सेवा असल्याचं संघाला सांगतात. त्या भिक्खूला आधी त्याच्या शिलाचा हिशेब विचारलेला नाही.

संविधानातही हीच पद्धत आहे. अनुच्छेद ४७ दारू आणि आरोग्याला घातक अशा मादक द्रव्यांची बंदी आणायला राज्याला सांगतो. दारूबंदीवाले हा अनुच्छेद नेहमी सांगतात, पण त्यातला औषधी वापराचा अपवाद सांगायचं विसरतात. एनडीपीएसच्या कलम ८ मध्येही वैद्यकीय आणि वैज्ञानिक कारणांसाठी अपवाद लिहिलेला आहे, आणि राज्य सरकारांना नियम करायची ताकद कलम १० ने दिली आहे. २०२० च्या डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांच्या आयोगात गांजाला सर्वांत कडक यादीतून काढण्यावर मतदान झालं. २७ विरुद्ध २५. भारताने बाजूने मत दिलं. म्हणजे व्हिएन्नात आपलं सरकार म्हणतं की याला औषधी मोल आहे, आणि नागपुरात त्या मताचा एकाही पेशंटला उपयोग नाही. विजयाचा, म्हणजे भांगेच्या पानाचा अर्क आयुर्वेदिक औषध म्हणून चिठ्ठीवर मिळतो, पण त्याची बाटली डिलिव्हरीवाल्या पोराच्या पगारात बसत नाही.

मग त्या पोराच्या आईचं काय झालं? जिथे ऑपरेशन झालं होतं तिथल्या ओपीडीत आम्ही तीनदा गेलो. पहिल्यांदा साध्या गोळ्या. दुसऱ्यांदा ‘आता एवढं दुखणारच’. तिसऱ्यांदा आम्ही मॉर्फिनचं नाव घेतलं तर औषधाच्या खिडकीवरच्या माणसाने आमच्याकडे असं पाहिलं की जणू आम्ही माल मागायला आलोय. शेवटी पॅलिएटिव्ह केअर चालवणाऱ्या एका धर्मादाय दवाखान्यात मॉर्फिनच्या गोळ्या मिळाल्या. गोळी स्वस्त असते. चार-चार तासांनी घ्यायची, सोबत पोट साफ होण्याचं औषध. तिसऱ्या रात्री त्या आडव्या होऊन झोपल्या. त्यानंतर अकरा आठवडे त्या होत्या. बोलायच्या, नातीची वेणी घालायच्या, खर्रा खाणाऱ्या शेजारणीला शिव्या द्यायच्या. पोराची परीक्षा त्यातच झाली, आणि तो घरी होता, सेंट्रल जेलमध्ये नव्हता.

गांजाच्या कुंडीचा वाद ज्या वेदनेतून सुरू होतो तिच्यावरचं पहिलं औषध आपल्या देशात आहे, कायदेशीर आहे, आणि तेही अफूच्या झाडातून येतं. मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात सरकारी परवान्याने अफू पिकते. तरी लान्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०१७ साली मांडलेल्या हिशेबात भारतात मिळणारं वेदनाशामक मॉर्फिन गरजेच्या चार टक्के. कॅनडात गरजेच्या तीसपटीहून जास्त. तिथला रुग्ण गांजाचं झाड लावतो तेव्हा त्याच्या हाताशी बाकीची सगळी औषधं असतात. ती पुरली नाहीत म्हणून तो झाडाकडे जातो. आपला पोरगा झाडाकडे जातो कारण त्याला काहीच मिळालेलं नसतं. दोन व्हिडिओ सारखे दिसले तरी ही दोन घरं सारखी नाहीत.

२०१४ साली एनडीपीएस कायद्यात दुरुस्ती होऊन मॉर्फिनसह सहा औषधं ‘अत्यावश्यक’ ठरली आणि देशभर एकच नियम आला. मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्था म्हणून नोंद झाली की दवाखान्याला ही औषधं ठेवता येतात, पूर्वीसारखे पाच-पाच परवाने लागत नाहीत. केरळात १९९३ पासून कोझिकोडच्या मंडळींनी, डॉ. राजगोपाल यांच्यासारख्यांनी, शेजारपाजारच्या स्वयंसेवकांना घेऊन घराघरात ही सेवा पोचवली. आपल्याकडे कायदा बदलून दहा वर्षं उलटली, आणि खिडकीवरच्या माणसाची नजर तीच आहे.

तेव्हा कोणी कुंडी लावायचं म्हणत असेल तर त्याला लावू नको म्हणा, आणि तिथेच सोडून देऊ नका. त्याच्यासोबत दवाखान्यात जा. वेदना शून्य ते दहामध्ये किती आहे हे कागदावर लिहून घ्यायला लावा. मॉर्फिन नाही म्हणाले तर ‘नाही’ असं लिहून मागा. औषधी गांजासाठी कलम १० खाली राज्याने नियम करावेत, सरकारी दवाखान्यातून, डॉक्टरच्या चिठ्ठीवर, फुकट मिळावं, आणि परवान्याची लागवड झालीच तर ती शिरपूरच्या आदिवासींच्या आणि आपल्या भूमिहीनांच्या सहकारी संस्थांना मिळावी, एवढी मागणी आपण करू शकतो. घरगुती लागवडीचा प्रश्न त्यानंतरचा. अनुच्छेद २१ वर आणि २०१७ च्या पुट्टस्वामी निकालातल्या खाजगीपणाच्या हक्कावर उभं राहून कोणी रुग्ण उद्या तो कोर्टात नेईलही. पण आरोपीच्या पिंजऱ्यातून नेण्यापेक्षा याचिकाकर्ता म्हणून नेलेला बरा, आणि त्या याचिकेसाठी कागद आत्तापासून जमवावे लागतील.

आम्ही सुरुवात केली आहे. माहिती अधिकारात जिल्ह्यासाठी तीन प्रश्न टाकलेत: मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्था किती आणि कोणत्या, गेल्या आर्थिक वर्षात प्रत्येकीने मॉर्फिन किती मिलिग्रॅम दिलं, आणि किती दिवस साठा शून्य होता. तुमच्या जिल्ह्यात हेच तीन प्रश्न टाका, अर्जाचा नमुना हवा असेल तर मागा. कायद्याने तीस दिवसांत उत्तर यायला हवं. आमच्या अर्जाचे आज एकोणीस झाले.